फोन केला, उत्तर नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या विभागप्रमुख मॅडम, त्यांच्या शेजारी मघापासून अवघडून बसलेले त्यांचे यजमान, आणि समोर बसलेल्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

माइक माझ्या उंचीला आणून दिल्याबद्दल आधी आभार मानते. आतापर्यंतचे सगळे वक्ते उंच होते, त्यात माझा काही दोष नाही.

मला चार मिनिटं दिलेली आहेत. दुसऱ्या रांगेत आमचे घड्याळकाका बसले आहेत. पाहुण्यांसाठी सांगते, आमच्या विभागात कोण किती वाजता आलं हे हजेरीच्या यंत्राच्या आधी काकांना कळतं. काका, आज बोट वर करू नका. मला चारपेक्षा जास्त लागतील.

कामं दोन आहेत. मॅडमच्या निरोपाचे चार शब्द बोलायचे, आणि मघाशी अध्यक्षांच्या हस्ते 'वर्षातील उत्कृष्ट तपास' म्हणून जे स्मृतिचिन्ह मला मिळालं, त्याबद्दल आभार मानायचे. दोन्ही एकाच भाषणात उरकायचं ठरलं, कारण चहा तयार आहे. पण ही दोन कामं माझ्या बाबतीत वेगळी करताच येत नाहीत. ती का, ते सांगते.

मी कॉलेजमधून थेट मॅडमच्या हाताखाली आले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे डोक्यात जग सुधारण्याच्या पुष्कळ कल्पना होत्या आणि हातात कामाचा अनुभव शून्य. पहिल्या दिवशी मी मॅडमना विचारलं, "आपला खरेदीदार संरक्षण विभाग म्हणजे आपण नक्की कोणाचं कोणापासून संरक्षण करतो?"

मॅडम म्हणाल्या, "लोकांचं लोकांपासून. आणि अधूनमधून आपल्यापासून. खुर्ची घे."

पाहुणे मंडळींना आमचं काम थोडक्यात सांगायला हवं. आमच्या साइटवर जुन्या-नव्या वस्तूंचे लिलाव होतात. समजा, तुम्ही एका जुन्या कॅमेऱ्यावर बोली लावलीत. तुमच्यावर आणखी कोणीतरी लावली. तुम्ही वाढवली, त्यानेही वाढवली. शेवटी कॅमेरा तुम्हाला मिळाला, पण दुप्पट भावात. तो दुसरा माणूस खरा गिऱ्हाईक होता की विक्रेत्यानेच बसवलेला मेहुणा, हे तुम्हाला घरबसल्या कसं कळणार? प्रत्यक्ष लिलावात निदान त्याचं तोंड दिसतं. मॅडमनी उमेदीची दहा वर्षं लिलावाच्या हॉलमध्ये काढली आहेत. त्या म्हणतात, खोटी बोली लावणारा माणूस वस्तूकडे बघत नाही, तो विक्रेत्याकडे बघतो. आमच्या स्क्रीनवर तोंडं नाहीत. आमच्याकडे फक्त क्रमांक असतात.

हे क्रमांक मॅडमनीच आणले. पूर्वी तपासणाऱ्याला बोलीदाराचं नाव, गाव, सगळं दिसायचं. मॅडमनी ते झाकायला लावलं. नाव दिसलं की माणूस एकतर दया करतो किंवा डूख धरतो, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याच वेळी त्यांनी दुसरा एक नियम घातला. कोणाचंही खातं बंद करण्याआधी त्याला एक फोन करायचा. नंबर तुम्हाला दिसत नाही, यंत्र आपोआप लावतं. "आकड्यावर आरोप ठेवायचा नाही," मॅडम म्हणायच्या. "आधी आवाज ऐकायचा."

अहवालात त्यासाठी एक रकाना आहे. फोन केला का, आणि काय उत्तर मिळालं.

आता माझ्या बक्षिसाकडे येते.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी एका हस्तकला शिक्षकांची तक्रार आली. ते सुतारकामाची जुनी हत्यारं घेतात. रंधे, पटाश्या, करवती. त्यांनी लिहिलं होतं, "मी कशावरही बोली लावली की एक जण येतो, मला वर चढवतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत नाहीसा होतो. कोणी माझ्या मागावर आहे का?"

मी शोधलं. बोलीदार क्रमांक चार हजार चारशे सतरा. सात महिन्यांत एकाच विक्रेत्याच्या जवळजवळ दोनशे वस्तूंवर बोली, आणि खरेदी एकही नाही. वेळ ठरलेली, रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, म्हणजे गर्दीची. प्रशिक्षणात आम्हाला ज्या तीन खुणा शिकवतात, त्या तिन्ही एका माणसात. एकच विक्रेता, कधी न जिंकणं, शेवटी अंग काढून घेणं. पुस्तकात उदाहरण म्हणून छापावं इतकं ते स्वच्छ होतं.

माझी जागा तुम्हाला माहीत आहे. मागच्या भिंतीजवळ, झेरॉक्स मशीनच्या पलीकडे. तिथे दिवसभर कानाला हेडफोन आणि समोर आकडे. मी भाड्याच्या खोलीत एकटी राहते. खोलीवर बोलायला कोणी नाही आणि जागेवर बोलायची गरज नाही. असे काही दिवस गेले की मी अख्ख्या दिवसात फक्त कॅन्टीनवाल्याला "एक हाफ" एवढंच म्हटलेलं असायचं. तक्रार करत नाही. एवढंच सांगते की तीन आठवडे मी या चार हजार चारशे सतराच्या मागे होते आणि त्या तीन आठवड्यांत मी सर्वात जास्त सोबत त्याचीच केली. साडेपाच झाले की मी वाट बघायचे. आला, की मनात म्हणायचे, आलास का लबाडा.

मग मी अहवाल लिहिला. लिहिलं, की हा बोलीदार आणि तो विक्रेता यांचं संगनमत आहे. खातं बंद झालं. विक्रेत्याचं दुकानही साइटवरून उतरवलं. ज्या अकरा खरेदीदारांना जास्तीचे पैसे मोजावे लागले होते त्यांना फरक परत मिळाला, तो विक्रेत्याकडून वसूल करून. मासिक पत्रकात 'बनावट बोलीचं जाळं उघड' अशी बातमी आली, दुकानाच्या नावासकट. आणि आज टाळ्या वाजल्या.

त्या अहवालातला फोनचा रकाना मी असा भरला होता: "फोन केला, उत्तर नाही."

मी फोन केला नव्हता.

इथे काही जणांनी खाली बघितलं, ते मला दिसलं. तुम्हाला कमीपणा आणण्यासाठी मी हे सांगत नाही. आपल्या विभागात तो रकाना कसा भरला जातो हे आपल्याला ठाऊक आहे. अनोळखी नंबर हल्ली कोणी उचलत नाही, दिवसाला चाळीस तक्रारी असतात, आणि "उत्तर नाही" लिहिलं की पुढचं पान उघडतं. मी पण तेच केलं. खोट्या बोलीविरुद्धच्या अहवालात मी एक खोटी ओळ लिहिली आणि त्या दिवशी मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.

मागच्या रविवारी मी घरी फोन केला. बक्षीस जाहीर झालं होतं ना, ते सांगायला. बऱ्याच दिवसांनी केला होता. माझे बाबा सुतार. लाकडी फर्निचरच्या कारखान्यात तीस वर्षं काढली. उजवा खांदा वर जाईना तेव्हा काम सुटलं. आई गेल्यापासून घरात ते एकटेच असतात.

मी म्हटलं, "बाबा, मला बक्षीस मिळणार आहे. एक लबाड माणूस पकडला मी."

"शाबास!" बाबा म्हणाले. "असल्यांना सोडायचं नाही. शर्ट कुठला घालू मी?"

"अजून आठवडा आहे बाबा."

"इस्त्रीला द्यायला नको?" मग म्हणाले, "तुला एक विचारू का? तुझ्या कामात नाक खुपसतोय असं समजू नकोस. तुमच्या ऑफिसचं यंत्र बिघडलंय का गं? सहा आठवडे झाले, माझं खातं उघडतच नाही."

मी विचारलं, "तुमचं कसलं खातं?"

"लिलावाचं. मोबाइलच्या दुकानातल्या पोरीने उघडून दिलंय. आता नुसता एक निरोप येतो. थांब, वाचतो."

बाबा चौथी शिकलेत. एकेका शब्दावर थांबून वाचतात. त्यांनी मला वाचून दाखवलं: "आपल्या खात्यावरून संशयास्पद स्वरूपाच्या बोली आढळून आल्यामुळे, इतर खरेदीदारांच्या हितासाठी, आपले खाते तूर्त स्थगित करण्यात येत आहे."

हे वाक्य माझं आहे. गेल्या वर्षी विभागाने नमुना मागवला होता, तेव्हा मीच लिहून दिलं होतं.

वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, "काय झालंय ते कळत नाही, पण भाषा फार चांगली आहे बघ. लिहिणारा शिकलेला माणूस असणार."

मी विचारलं, "वर काही आकडा आहे का?"

"आहे की. चार, चार, एक, सात."

मी म्हटलं, ऑफिसात विचारून सांगते. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कर्मचाऱ्याच्या घरच्यांनी बोली लावायची नाही हा नियम बाबांना माहीत नव्हता. ते बोली लावतात हे मला माहीत नव्हतं. मी रडत होते, त्यामुळे बरंच काही दोनदा सांगितलं. मॅडमनी मध्येच एकच प्रश्न विचारला.

"फोन केला होतास?"

"नाही."

मॅडमनी माझा अहवाल उघडून शेवटचं पान काढलं. मग म्हणाल्या, "खाली सही माझी आहे. मीही तुला विचारलं नाही." आणि थोड्या वेळाने, "माझे सहा दिवस उरलेत. हे दाबून गेले तर निरोपाचा चहा घशाखाली उतरायचा नाही. लिही."

मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. मॅडमनी त्यावर सही केली आणि मंगळवारी वर पाठवलं. वरून निरोप आला की समारंभानंतर बघू. अध्यक्ष महोदय, ते पत्र आपल्यापर्यंत पोचलं की नाही मला माहीत नाही. म्हणून त्यातला मजकूर तोंडी सांगते आहे. मघाशी स्मृतिचिन्ह मी हातात घेतलं, कारण समोर फोटो काढणारे होते आणि नको म्हणायचं धैर्य ऐनवेळी झालं नाही. ते मी इथे टेबलावर ठेवते.

बुधवारी मी रजा टाकून त्या विक्रेत्याकडे गेले. लहानसं दुकान आहे. बंद पडलेल्या कारखान्यांतून, म्हाताऱ्या कारागिरांकडून जुनी हत्यारं आणायची, गंज काढायचा, मुठी बदलायच्या आणि विकायची. निम्म्याहून अधिक विक्री आपल्या साइटवर होती. भिंतीला करवती ओळीने टांगलेल्या होत्या, आणि ते एका पटाशीला तेल लावत बसले होते. मी कोण ते सांगितलं. ते उठले नाहीत.

"बसा," म्हणाले. "तुम्ही तर फार लहान आहात हो. मला वाटलं, कोणीतरी मोठा साहेब असेल."

मी सगळं सांगितलं. संगनमत नव्हतं, तो माणूस माझा बाप होता, त्यांचा तुमच्याशी संबंध नाही, मी न विचारता लिहिलं, आणि त्यावर मला बक्षीसही मिळणार आहे. माफी मागितली.

त्यांनी पटाशी पुसून ठेवली. "हा माणूस कोण, हे सात महिने मलाही कळत नव्हतं," ते म्हणाले. "पण हत्यार ओळखायचा. साध्या मालाला हात लावायचा नाही. आता एक सांगा. मला चोर म्हणालात ते कुठे म्हणालात?"

"पत्रकात."

"किती लोकांना जातं?"

"सगळ्या विक्रेत्यांना. साधारण नऊ हजार."

"आणि माफी इथे मागताय. ऐकायला मी आणि या करवती." ते हसले, पण मला हसता आलं नाही. "बाई, सहा आठवडे माझा जावई मला विचारतोय, मामा, खरं काय ते सांगा. त्याला मी काय तुमचा हा चेहरा दाखवू? जिथे टाळ्या वाजतील तिथे सांगा. मग या, चहा पाजतो."

टाळ्या इथे वाजल्या, म्हणून मी इथे सांगते आहे. त्यांनी काहीही खोटं केलेलं नाही. माझा अहवाल चुकीचा होता.

बाबांना सांगायचं राहिलं होतं. ते परवा सांगितलं. तेही फोनवरच, कारण समोर जाऊन सांगण्याइतकं बळ नव्हतं. तुम्ही म्हणाल, घरातली गोष्ट सभेत कशाला? बाबांना विचारून सांगते आहे.

मी विचारलं, "बाबा, घ्यायचं नव्हतं तर बोली कशाला लावत होता?"

ते म्हणाले, "तूच सांगितलं होतंस ना? मी विचारलं, दिवसभर करतेस काय, तर म्हणालीस, लोकांच्या बोली बघते. साडेपाच ते साडेसात मान वर करायला फुरसत नसते. मग फोन कधी करायचा? म्हटलं, त्या वेळेला आपणच जाऊन बसावं. तुला दिसत असेन असं मला वाटलं."

ते पुढे म्हणाले, "घेऊन काय करू? खांदा हा असा. पण चांगला रंधा भंगाराच्या भावात जाताना बघवायचं नाही, म्हणून त्याच्या लायकीपर्यंत न्यायचो आणि सोडून द्यायचो. समोर एक माणूस असायचा. त्याला माल कळत होता. मी वाढवलं की तो जरा विचार करायचा, मग वाढवायचा. रोज असायचा बिचारा." तो बिचारा म्हणजे आपले तक्रारदार शिक्षक. त्यांना वाटत होतं कोणी मागावर आहे. आणि बाबांना वाटत होतं, गप्पा चालल्या आहेत.

मी त्यांना समजावलं, की बाबा, तुमच्यामुळे त्या माणसाला जास्त पैसे पडले. घ्यायची नसेल तर बोली लावणं ही फसवणूकच आहे, हेतू कोणताही असो. हे मी आजही म्हणते. खातं बंद करणं योग्यच होतं. बाबांनी ऐकून घेतलं. "हे मला सुचलंच नाही," म्हणाले. "पण दुकानदाराचं काय चुकलं? त्याचं दुकान उघडून दे. माझं नाव सांगायचं तर सांग."

मग म्हणाले, "सात महिने रोज बघत होतीस, तरी ओळखलं नाहीस?"

मी म्हटलं, "नावं झाकलेली असतात बाबा."

"असू दे."

मी त्यांना म्हटलं, समारंभाला या. मला तुम्ही हवे आहात. तर म्हणाले, "कसा येऊ? बापांच्या रांगेत बसू की पकडलेल्यांच्या?" आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर ते माझा फोन घेत नाहीत.

घड्याळकाका, संपवते.

अध्यक्ष महोदय, माझं मागणं एवढंच आहे. त्या विक्रेत्याचं दुकान आज उघडावं, समारंभानंतर बघू यातलं 'नंतर' आता झालेलं आहे. ज्या पत्रकात बातमी आली त्याच पत्रकात, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती यावी. खरेदीदारांना मिळालेला फरक त्यांच्याकडेच राहू द्यावा, तो त्यांचा हक्काचा आहे. विक्रेत्याकडून वसूल केलेली रक्कम मात्र परत द्यावी आणि ती माझ्या पगारातून कापावी. पगार चालू राहणार की नाही, हा निर्णय आपला. खोटी नोंद करणाऱ्याला या विभागात ठेवू नये असं आपल्याला वाटलं, तर मी वाद घालणार नाही. मी तुमच्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

आणि माझ्या सहकाऱ्यांनो, एक विनंती तुम्हालाही. उद्यापासून तो फोन करा. पन्नासपैकी एकोणपन्नास लबाडच निघतील, आणि त्यांना पकडलंच पाहिजे. पण करा.

मॅडम, आजचा दिवस तुमचा होता आणि मी माझंच गाऱ्हाणं मांडत बसले. तुमच्याबद्दल बोलायला मी चार चांगली वाक्यं लिहून आणली होती, ती खिशातच राहिली. एवढंच म्हणते, की तुम्ही मला पाठीशी घातलं नाहीत आणि एकटंही सोडलं नाहीत. हे दोन्ही एकाच वेळी करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. आणि मॅडमच्या यजमानांना एक सांगते, साहेब, मॅडम आता दिवसभर घरी असतील. त्यांनी काही विचारलं तर खरं ते सांगा, त्यांना कळतंच.

सभागृहाने इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलं, मी सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. कागदावर जे चुकलं आहे ते मात्र पोटात घालू नका.

चहाला मी थांबत नाही. पाचची गाडी मिळाली तर दिवे लागायच्या आत घरी पोचेन. येते आहे असं बाबांना कळवलेलं नाही. त्यांनी दार उघडलं तर आत जाईन. नाही उघडलं तर पायरीवर बसेन. आमच्या खिडकीतून पायरी दिसते.